मन्सूर गच्चीवर चढतो

(कैरोतल्या बूलाक मोहल्ल्यातलं घर, शुक्रवारची दुपार. टीव्हीवर मन्सूर नावाच्या चोराचा जुना काळा-पांढरा सिनेमा. म्हातारा अतरीस आणि त्याची बायको वगीदा.)

वगीदा : करा आता बंद. चहा टाकते.

अतरीस : थांब गं. मन्सूर तिजोरी उघडतोय. नुसता कान लावून. आणि संगीत अजिबात नाही. आपलाच श्वास ऐकू येतो.

वगीदा : किती वर्षं ऐकतेय हे.

अतरीस : आणि तो इन्स्पेक्टर बघ. कधी ओरडत नाही. भोपळ्याच्या बिया सोलत बसतो. त्याचीच जास्त धास्ती वाटते.

वगीदा : शेवट ठाऊक आहे ना तुम्हाला? मग कशाला बसायचं?

अतरीस : टीव्हीवर लागला की दरवेळी तू काहीतरी काढतेस. गेल्या ईदेला सिलिंडर संपला म्हणून पळवलंस. आज शेवट बघणार. गच्चीवरच्या कबुतरखान्यामागून उडी मारतो, सुटतो. आमच्या टॉकीजमध्ये तेवढ्यात दिवे लागायचे आणि आम्ही नाचायचो.

वगीदा : अहो, तो सुटत नाही. त्याला गोळी लागते.

अतरीस : पलीकडच्या शुब्रा मोहल्ल्यातली माणसं असंच बोलतात. त्यावरून मारामाऱ्या केल्यात आम्ही.

वगीदा : मी शुब्र्याचीच. तिकडे पूर्ण दाखवायचे. तुमच्याकडे पहिल्या खेळाला मन्सूर मेला म्हणून लोकांनी बाकं मोडली. मालकानं मग शेवटचा तुकडाच कापून टाकला.

अतरीस : तू इतकी वर्षं गप्प बसलीस?

वगीदा : मागणी घालायला आलात, तेव्हा बाबांनी विचारलं, तुरुंगातून आलास, पुढे काय? तुम्ही म्हणालात, सिनेमातल्या मन्सूरनं सुटल्यावर चोरी सोडली असणार, त्याच्या त्या धोबिणीशी संसार मांडला असणार, मलाही जमेल. मी दाराआड उभी होते. काय सांगणार होते तुम्हाला?

अतरीस : म्हणजे तुला ठाऊक होतं. तरी हो म्हणालीस?

वगीदा : मी काय मन्सूरशी लग्न करत होते?

अतरीस : ...जिन्यावर आला बघ तो.

वगीदा : खाली पोलीस आहेत. करू का बंद?

अतरीस : नको. बस इथं. इतक्या वेळा मेला बिचारा, आमच्या गल्लीतलं कुणी जवळ नव्हतं.