काठाला काठ

मी सगुना. माझं माहेर अर्धापूरकडचं, केळीच्या बागांचं, तिथं आम्ही पानी कधी जपून प्यालो न्हाई, आन् बापानं दिलं कुठं तर हिकडं निलंग्याच्या खाली, जिथं उन्हाळा लागला की विहिरी तळ दावतात. काय सांगू ताई तुम्हाला, पहिल्या वर्षी मी रडायचे बी बेतानं, म्हनलं डोळ्यातलं तरी ऱ्हाऊ दे. हसा, हसा, मी बी हसते आता. आम्ही बौद्ध मान्सं, नवरा सालगडी, मी मजुरीला, आन् गावात चर्चच्या सिस्टर दवाखाना घेऊन आल्या तवा मी त्यांच्या सैपाकाला लागले.

सिस्टर अ‍ॅग्नेस केरळच्या. भाताबिगर जेवन ठाऊक न्हाई, मी पहिल्या दिशी भाकर आन् ठेचा वाढला तर बिचारीच्या नाकाडोळ्यातून पानी, तरी म्हनली लई छान, सगुना, आनखी वाढ. हट्टी बाई, पर गोड. गावातली मान्सं म्हनायची, ही तुला बाटवनार. मी एक दिस भाकरी थापता थापता सरळ विचारलंच, सिस्टर, मला ख्रिस्ती करनार का हो. ती म्हनली, तुला वाटलं तर दार उघडं हाय, न्हाई वाटलं तरी दार उघडंच हाय, मला तर येशूनं एवढंच सांगून धाडलंय, की तहानेला दारात आला तर तो मीच समज. मान्साला देवानं आपल्या रूपाचं घडवलंय म्हनायची, मग कुनाचा हात हलका कसा असंल. मी आजबी बुद्धाम्होरं मेनबत्ती लावते, पर ते बोलनं मला पटलं ते पटलंच.

त्या टायमाला लातूर नवा जिल्हा झालता. आधी हापिसाचं काम निघालं की धाराशिवला हेलपाटे, आता लातूर आपलं म्हनून गावात पेढे वाटले, आन् पेढा खाऊन वर प्यायला पानी न्हाई, असला दुष्काळ! सगळ्या विहिरी आटल्या, ऱ्हायली एक दवाखान्याची. ती बी काठोकाठ न्हाई, झिरपत झिरपत भरायची. मग सिस्टरनं कायदा काढला. एकच रांग. सुरुवातीला मी पोहरा वढून पहिलीची घागर भरायची, पहिलीनं दुसरीची, दुसरीनं तिसरीची, अशी प्रत्येकीनं मागच्या बाईची. आन् पोहरा घागरीच्या काठाला टेकवूनच ओतायचा, वरून धरून न्हाई. वरून ओतलं की सांडतं, आन् सांडायला पानी होतं कुठं.

आता ह्यातली गोम तुमच्या ध्यानात आली का? आमाला जलमभर पानी वरूनच मिळालेलं. पाटलाच्या अक्का, पाटलाची आई हो, त्यांच्या दारात आम्ही वंजळ धरून वाकायचो, त्या वरून तांब्या वाकडा करायच्या, निम्मं पोटात जायचं आन् निम्मं कोपरावरून मातीत. तवा अक्का खवळल्या. दवाखान्याची जागा त्यांचीच, नुसत्या शब्दावर दिलेली. त्यांनी निरोप धाडला, आमच्या मान्साची रांग येगळी करा, न्हाईतर बोऱ्याबिस्तार गुंडाळा. मी म्हनलं, सिस्टर गेल्या तर दवाखाना बी गेला आन् आमच्या वस्तीचं पानी बी गेलं. सिस्टर मात्र गार. म्हनली, अक्काला सांगा, एक दिस सोता येऊन पानी न्या, मग बी जा म्हनलात तर मी कुलूप लावून जाते.

आन् अक्का आल्या की! लई हुशार बाई. कायदा त्यांनी ऐकलेला, म्हनून सूनबाईला पुढं उभं केलं आन् आपुन सगळ्यात शेवटी. म्हंजी आपली घागर घरच्याच हातानं भरनार, आन् मागं कुनी न्हाई म्हनल्यावर आपल्याला कुनाची भरायचीच न्हाई. सुनेची घागर आमच्या वस्तीतल्या बाईनं भरली, तर अक्का मोठ्यानं म्हनल्या, ती ढोरासाठी हाय, देवाची आन् प्यायची माझ्या घागरीत. ढोरं बी हसली असतील त्या दिशी. सुनेनं सासूची घागर भरली, धांदलीत अर्धा पोहरा लुगड्यावर. अक्कानं घागर काखंला लावली आन् निघायला वळल्या.

पर शेवटची घागर दवाखान्याची असायची, हे त्यांना कुनी बोललंच नव्हतं. सगळ्यांचं झालं की उरंल ते सिस्टरचं. आन् ती घागर घेऊन कोन येनार? मीच की, सैपाकीन. मी जाऊन अक्काच्या मागं उभी ऱ्हायले. अक्का माझ्याकडं बघत ऱ्हायल्या, मी जमिनीकडं. म्हनलं आता ही बाई निघाली की आपलं सगळं उठलं. सिस्टर ओट्यावर माळ जपत बसलेली, वर बघंना.

अक्कानं घागर खाली ठिवली. पोहरा सोडला, वढला, सवयीनं वर उचलला. पहिलीच धार माझ्या मनगटावरून मातीत गेली. त्या भिजल्या मातीकडं त्या बघत ऱ्हायल्या. मग पोहरा हळूहळू खाली आला आन् माझ्या घागरीला टेकला. ठन्न वाजलं, ताई. एक थेंब सांडला न्हाई. मला रडू फुटलं, आन् ह्या बारीला मी बेतानं न्हाई रडले.

जाता जाता अक्का म्हनल्या, सगुने, उद्या माझ्या पुढं उभी ऱ्हा, ही सून लई सांडती.

कुलूप काय लागलं न्हाई मग. आता अक्का गेल्या, सिस्टरची बदली झाली तिकडं लांब, मला नातवंडं झाली. नळ आला, चार दिसाआड का होईना येतो, आन् आमच्या नळावर बाया अजून मागचीची घागर आधी भरतात. नव्या सुनांना ठावं बी न्हाई का ते, रीत हाय म्हनून करतात. करू द्या. सिस्टर जिथं असंल तिथं सुखात असू दे, तिला कुनीतरी भाकर वाढू दे.

लई बोलले बघा, तुमचा घसा सुकला असंल. घ्या, पानी घ्या. आसं न्हाई ताई, पेला वर आना, जवळ. काठाला काठ लागू द्या.