गोंदियाची जागा

सन्माननीय अध्यक्ष दुर्गाप्रसादजी, मंचावरील मान्यवर, एकेकाळी माझ्या वर्गात बसलेले आणि आता पालक झालेले सद्गृहस्थ, भगिनींनो आणि सत्कारमूर्ती टीना,

आमगावच्या शाळेत मी तुम्हांला मायभूमीच्या कविता शिकवल्या. खिडकीबाहेर धान डोलायचं आणि तुम्ही डोळे मिटून एका सुरात म्हणायचा. काय ते गळे! मला वाटायचं, पोरांना कविता कळते आहे. कळत नव्हती. तुम्ही नुसती चाल पाठ करत होता.

नाहीतर आज हे झालं असतं? टीनाला गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. तीच कायम ठेवायची, की प्रवेशाच्या पुढच्या फेरीत पुण्यासाठी नाव चालू ठेवायचं, हे उद्या कळवायचं आहे. तिकडे लागलं की इथली जागा गेली. पण तिचे मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, गोवर्धन यांनी दारात फ्लेक्स लावूनही टाकला: ‘पुण्याच्या भावी डॉक्टर’!

मी विचारलं, “काऊन रे गोवर्धन, पुणं कधी मिळालं?”

“सर, गोंदिया लिहिलं असतं त कोनं पाह्यलं असतं?”

टीना तिथंच होती. म्हणाली, “मोठे बाबा, मंग त्या फ्लेक्सलेच पाठवा पुन्याले.”

हसता काय? धानाच्या रोवणीत साप डसला की तुम्ही कुठं धावता? पुण्याला? अध्यक्ष महाराज, आपला मोडलेला पाय कुठं जुळला? त्याच पायावर उभं राहून मघाशी आपण म्हणालात, “इथं काय शिकेल पोरगी?” धन्य आहे! उपचाराला गोंदिया, मिरवायला पुणं.

टीना मला म्हणाली होती, “सर, आपल्या सौंदडचे, आमगावचे रोगी तिथंच येतात. मी त्याइच्याच उशाशी उभी राहून शिकीन.” चाळीस वर्षं शिकवलेल्या कवितेचा अर्थ मला त्या दिवशी ऐकू आला.

तिच्याकडून पुण्याचा शब्द घ्या, म्हणून मला इथं उभं केलंय. घेतो शब्द. बोल बेटा, कुठं?

...ऐकलंत? नाही? मोठ्यानं सांग.

“गोंदिया.”

झालं. गोवर्धन, खाली बस.

आयोजकांचे आणि मंडपवाल्यांचे आभार. माझे शब्द तिखट झाले असतील, म्हातारा म्हणून पोटात घाला. टीनाच्या वतीनं मात्र मी कोणाची क्षमा मागत नाही.