कोयत्याचा दाणा

दादासो : माझा ट्रकचा पाटा कुठं गेला, तेवढं सांगा. बाकी मला काय ऐकायचं न्हाई.

चंद्राबाई : तुमचा पाटा तुमच्या हातात हाय की. कोयता केलाय त्येचा.

दादासो : हा अर्धा कोयता हाय. दुसरा अर्धा काल उडून आमच्या सूनबाईच्या भुवईत घुसला. गुरांसाठी उसाचं वाडं तोडत होती पूजा. तीन टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

चंद्राबाई : आगं बया. पोरगी बरी हाय न्हवं?

दादासो : घरी हाय. आता माझं ऐका. शिरवळच्या भंगारातनं ट्रकचा कमानपाटा मी स्वतः निवडून आणला. सतरा वर्षं फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपला होतो. पाट्याचं लोखंड असं बिस्किटागत मोडत न्हाई. तुमी त्यात दुसरंच काहीतरी घातलंय. चांगला माल कुणाला दिला?

चंद्राबाई : चोर म्हनताय व्हय आमाला? लोहाराचं घर हाय ह्ये. तीस वरसं लोणंदच्या बाजारात आमचं कोयतं जात्यात.

दादासो : विचारतोय फक्त. ज्ञानूनं सांगावं. मी आल्यापास्नं पाठ करून बसलाय.

ज्ञानू : हिनं सांगितलं त्येच, दादासो.

चंद्राबाई : नवऱ्याला मधी घेऊ नगा. ह्यो तुमच्या पाट्याचा उरल्याला तुकडा, तुमी खुणंला लावल्याला पिवळा रंग हाय अजून त्येच्यावर. ही स्लॅबची सळई. आन् ह्यो तुमचा कोयता. तिन्ही ग्राइंडरला लावते. ठिणग्या बगा, मंग बोला.

(ग्राइंडर चालू होतो, थोड्या वेळानं थांबतो.)

दादासो : सळईची ठिणगी लांब, सरळ गेली. पाट्याची फुलबाजीगत फुटली.

चंद्राबाई : आन् कोयत्याची?

दादासो : तीबी फुटली.

चंद्राबाई : म्हंजी लोखंड तुमचंच.

दादासो : मग मोडलं कसं? काहीतरी लपवताय तुमी दोघं.

चंद्राबाई : द्या हिकडं. मोडल्याली बाजू उजेडात धरते.

दादासो : काय बघताय?

चंद्राबाई : बोट फिरवा हितं. काय लागतंय?

दादासो : खरखरीत. साखरेच्या दाण्यागत चमकतंय.

चंद्राबाई : राखंवानी बारीक पायजे. असा जाड दाणा ताप जास्ती झाला की पडतो. लोखंड पार पांढरं होस्तवर भट्टीत ऱ्हायलं.

दादासो : म्हणजे चूक तुमची.

चंद्राबाई : आमची. आवं धनी, ह्यो कोयता तुमीच तापवला न्हवं? मी तवा भनीच्या घरी लग्नाला आटपाडीला गेल्ते.

ज्ञानू : मीच.

चंद्राबाई : जलम गेला तुमचा रंग बगून लोखंड काढण्यात. पांढरं झाल्यालं दिसलं न्हाई?

ज्ञानू : घाई हुती. गिऱ्हाईक समोर बसल्यालं.

दादासो : खोटं. मी पाटा टाकून गेलो ते चार दिवसांनी आलो.

चंद्राबाई : दिवाळीपास्नं मला सारखं इचारताय, 'रंग कसा वाटतोय'. मला वाटलं, मला शिकवताय. हिकडं तोंड करा. दादासोचा शर्ट कंच्या रंगाचा हाय?

ज्ञानू : पांढरा असंल.

चंद्राबाई : निळा हाय.

ज्ञानू : भट्टीत निसता उजेड दिसतो आता. तांबडं हाय का पिवळं, कळत न्हाई. तुला सांगितलं असतं तर भट्टी बंद करा म्हनली असतीस.

चंद्राबाई : म्हनलेच असते. दुसऱ्याच्या सुनंचा डोळा गेला असता, त्येचं काय?

ज्ञानू : दादासो, पूजाच्या म्होरं येऊन मी माफी मागतो.

दादासो : माग. पण मोतीबिंदू वाटतोय हा, आधी साताऱ्याला दाखव. चंद्राबाई, चोरीचा आळ घेतला मी तुमच्यावर. चुकलो.

चंद्राबाई : ते ऱ्हाऊ द्या. आवं, दिवाळीपास्नं तुमी एकट्यानं किती कोयतं तापवलं?

ज्ञानू : ह्यो धरून सात.

दादासो : म्हणजे सहा जणांच्या हातात असले कोयते हायत. माझी गाडी बाहेर उभी हाय. बसा दोघं. आजच्या आज परत आणायचे. नावं ध्यानात हायत का?

ज्ञानू : समदी हायत.

चंद्राबाई : पयलं कुनाकडं जायाचं?

ज्ञानू : आपल्या थोरल्या लेकीकडं. पाडव्याला आल्ती, तवा तिच्या पिशवीत मीच ठेवला.