डगलसनं कठडा धरला

...आणि जिना चढताना त्यानं कठडा धरला, राव. डगलसनं. कठडा! तुम्हाला सांगतो, तिथंच माझं डोकं फिरलं. अजून नावाच्या पाट्या संपल्या नव्हत्या, शेजारच्या बाईचा पॉपकॉर्नचा पहिला घास तोंडात जायचा होता, आणि हा माणूस, ज्यानं पहिल्या भागात एका दोराला लोंबकळत अख्खी दरी पार केली, दुसऱ्यात धबधबा खालून वर चढला, तिसऱ्यात जळत्या जहाजावरून उडी मारली आणि खाली आल्यावर फक्त सदऱ्याची धूळ झटकली, तो माणूस सोळा पायऱ्या चढतोय, कठडा धरून, मध्ये थांबून, कमरेवर हात ठेवून. मोजल्या मी. सोळा. आमच्या लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास आहेत, सत्तरीच्या म्हाताऱ्या नारळाची पिशवी घेऊन चढतात, आणि वर गेल्यावर रांगेत भांडण्याइतका दम शिल्लक असतो त्यांच्यात. ह्याला सोळा होईनात. ह्याच्यासाठी पंधरा वर्षं थांबलो मी. पंधरा वर्षं!

तुम्ही म्हणाल, एवढं काय, पिक्चर तर आहे. पिक्चर? अहो, तुम्हाला मुळापासून सांगायला पाहिजे.

आमचं गाव पेठ, पण माझं आजोळ आणे. वर पठारावर. पौषात जत्रा, थंडी अशी की बोलताना दात वाजतात. मोठाल्या कढयांत आमटी उकळत असते, हजारो माणसं भाकरी कुस्करून जेवतात, आणि जेवलं की तंबू. तंबू म्हणजे फिरतं थेटर. मधोमध पडदा. पडद्याच्या पुढं बसलं तर पूर्ण तिकीट, मागं बसलं तर अर्धं. मागूनही चित्र दिसतंच की! आम्ही पोरं कायम मागं. नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव. तीन जत्रा, तीन डगलस.

आता पिक्चर इंग्रजी, आणि आण्याच्या जत्रेत इंग्रजी कुणाला कळणार? म्हणून पडद्याशेजारी माईक घेऊन कुंडलिकतात्या उभे. हे तात्या दिवसभर जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं पुकारायचे आणि संध्याकाळी डगलस सांगायचे. हिरोला छातीतून आवाज, हिरोइनीला बारीक, व्हिलनला नाकातून. "आरं ए गेंगाण्या, सोड तिला, न्हाईतर तुझा कडेलोट करीन!" असं डगलस म्हणायचा, राव. सगळा तंबू उभा राहायचा. मला तर बरीच वर्षं वाटत होतं, अमेरिका जुन्नरच्या पलीकडंच कुठंतरी आहे.

आणि डगलस डावखुरा. दोर डाव्या हातानं फेकायचा, गाठ डाव्या हातानं मारायचा. मग मीही डावखुरा झालो. झालो म्हणजे करून घेतलं. विटी डाव्या हातानं, गोफण डाव्या हातानं, सहीसुद्धा डाव्या हातानं शिकलो. भाकरी डाव्या हातानं खाल्ली तेव्हा आज्जीनं, साळुबाईनं, पाठीत लाटणं घातलं. घातलं तर घातलं.

आता ऐका, मुद्दा इथं आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी डगलस कड्यावर उभा. समोर चष्मेवाला म्हातारा, मास्तरछाप, हातात एक कागद. डगलस कागद घेतो, बघतो, टराटरा फाडतो आणि दरीत फेकतो. आणि म्हणतो, कुंडलिकतात्यांच्या तोंडून, "ज्या कागदानं साधी गाठ सुटत न्हाई, त्यो कागद फाडून टाक, मर्दा."

फाडला मी. सन दोन हजार, मंचरला कॉलेजात, दुसरं वर्ष. मास्तर फळ्याकडं तोंड करून जमाखर्च सांगत होते. मी वही मिटली, उठलो, हॉलतिकीट फाडलं आणि चालत पेठेला आलो.

घरी दादा. आमचे दादा, म्हणजे वडील, हौशीराम, गावच्या शाळेत शिपाई. बत्तीस वर्षं घंटा वाजवली त्यांनी. पेठेतल्या दोन पिढ्या त्यांच्या घंटेवर शाळेत पळाल्या, आणि त्यांच्याच घरातलं पोरगं घंटा व्हायच्या आत बाहेर. त्यांनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून? मी म्हटलं, डगलसच्या. ते म्हणाले, "कोण डगलस? कुठल्या गावचा?"

मी सगळा सीन सांगितला. कडा, म्हातारा, कागद. त्यांनी ऐकून घेतला आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. त्या दिवसापासून सात वर्षं, तुम्हाला सांगतो, सात वर्षं रोज संध्याकाळी मी टोमॅटोचे क्रेट नारायणगावला टाकून, पिकअप लावून घरात पाऊल टाकलं की एकच प्रश्न. ओरडणं नाही, शिवी नाही. "काय म्हणतोय तुझा डगलस?" ओट्यावर आल्यागेल्या पावण्यांसमोर. सोयरीक घेऊन आलेल्या माणसांसमोरसुद्धा! "पोरगा काय करतो?" म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणाले, "डगलसकडं हाय." ते पावणं पुन्हा आले नाहीत. मी एवढंच म्हणायचो, दादा, चौथा भाग येऊ द्या. तुम्हाला शेजारी बसवून दाखवतो. मग बोला.

आणि आला. दोन हजार सातला. तिसऱ्यानंतर पंधरा वर्षांनी, हिंदीत बोलणारा. दादांना पिकअपमध्ये घातलं आणि पिंपरीच्या मॉलमधल्या थेटरात नेलं. दादा म्हणजे पांढरी टोपी, इस्त्रीचा पायजमा, अडुसष्ट वय. सरकत्या जिन्यावर चढले, हात मागं बांधून, शाळेत प्रार्थनेला उभे राहायचे तसे. कठडा धरला नाही, राव. लक्षात ठेवा हे. आमच्या दादांनी कठडा धरला नाही, आणि आत गेल्यावर डगलसनं धरला!

काय पिक्चर होता तो... पिक्चर नव्हता, पेन्शनीचा अर्ज होता. डगलस कुठं, तर म्युझियममध्ये. नाकावर चष्मा. सकाळी येतो, हजेरीपत्रकावर सही करतो, आणि सही कुठल्या हातानं? उजव्या! मी उठून उभाच राहिलो, म्हटलं, हा डगलसच नाही, बदली माणूस आहे. मागचा म्हणाला, भाऊ, खाली बसा. मग दरी येते. दरी कसली, कॉम्प्युटरवर रंगवलेली. अरे, नाणेघाटाच्या तोंडावर टोपी खाली टाकली तरी वाऱ्यानं उडून वर येते आणि तू आम्हाला रंगवलेली दरी दाखवतोस? विमानातून पडतो, तर गवताच्या गंजीवर. उठतो, तर गुडघा धरून "आई गं" चेहरा. दोर तर अख्ख्या पिक्चरमध्ये एकदाच दिसला. काचेच्या पेटीत, खाली पाटी लावून.

म्हातारा झालास ना, हो की, कोण नको म्हणतंय. पण मग घरी बस! हे बसत नाहीत, हेच तर दुखणं आहे. आमच्याकडं तरी वेगळं काय आहे? तरुणपणी ज्यांनी बांधावरून एकमेकांची डोकी फोडली ते आता पारावर बसून आम्हाला सांगतात, पोरांनो, सबुरीनं घ्या. सप्त्यात पहिली रांग ह्यांची, सोसायटीत पहिली खुर्ची ह्यांची, लग्नात पहिली पंगत ह्यांची. सतरंज्या उचलायची वेळ आली की गुडघे. अहो डगलसवाले, तुम्ही तिकडं असले म्हातारे कशाला दाखवता, आमच्याकडं फुकट आहेत.

बरं, इथपर्यंत ठीक. नंतर त्याचं पोरगं येतं. पोरगं म्हणतं, बाबा, मी कॉलेज सोडतो, तुमच्यासारखा खजिना शोधतो. मी सावरून बसलो. दादांना कोपर मारलं, म्हटलं, आता ऐका. आणि डगलस त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "बेटा, पहले पढ़ाई पूरी कर. ख़ज़ाना कहीं नहीं जाता."

दादांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि नीट बसले. कीर्तन रंगात आलं की बसतात तसे.

आणि तेवढ्यात, माझं नशीब बघा, जुनी आठवण दाखवली. तोच कडा. तोच चष्मेवाला म्हातारा. तोच कागद! पंधरा वर्षांनी तोच सीन, माझा सीन, दादांना शंभर वेळा सांगितलेला, शेजारी बसवून. म्हातारा कागद देतो, डगलस बघतो, आणि हिंदीत म्हणतो, "प्रोफ़ेसर, ये नक़्शा नक़ली है." आणि फाडतो. उजव्या हातानं.

नकाशा! सर्टिफिकेट नाही, हॉलतिकीट नाही. नकाशा, तोही खोटा.

अंधारात दादा माझ्याकडं वळले. हळू म्हणाले, "नकली व्हता म्हणून फाडला त्येनं."

परतीच्या रस्त्यानं खेडच्या पुढं दादा म्हणाले, पिक्चर चांगला आहे. एवढंच.

मी दुसऱ्या दिवशी क्रेट टाकले आणि थेट आण्याला. कुंडलिकतात्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. दात गेलेत, आवाज तोच, छातीतला. मी म्हटलं, तात्या, खरं सांगा, डगलस कागद फाडताना काय म्हणाला होता?

"मला काय म्हाईत? माझी शाळा चवथी. त्येचं त्वांड हालायला लागलं की मी बोलायचो, त्येचं थांबलं की मी थांबायचो."

"मग ते फाडून टाक मर्दा?"

तात्यांनी शेंग फोडली, दाणा माझ्या हातावर ठेवला. "त्या साली आमचा सोपान दहावीला नापास होऊन घरी बसला व्हता. तंबूत म्होरंच बसायचा, मान खाली घालून. म्हणलं, पोराला जरा बरं वाटंल."

मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे जगात आणखी एक जण होता. मी म्हटलं, मग सोपान काय करतो आता?

"हेडमास्तर हाय की. पुढच्या मार्चला पुन्हा बसला, पास झाला."

ज्याच्यासाठी सांगितलं त्यानं ऐकलं नाही, राव! आणि मी, अर्ध्या तिकिटात मागं बसलेला, मी ऐकलं. उठता उठता शेवटचं विचारलं, पण तात्या, तो डावखुरा तरी होता ना?

तात्या एवढे हसले की शेंगा सांडल्या. "तुमी पोरं पडद्याच्या मागं बसायची ना? मागनं समदं उलटं दिसतंय, लेका."

पंधरा वर्षं, तुम्हाला सांगतो. पंधरा वर्षं मी त्याची वाट बघितली, आणि तो आला कुणासाठी? दादांसाठी! आता हॉटेलात दादा डगलस सांगतात. चहा गार होतो लोकांचा. "पैले पढाई पुरी कर, बेटा," असं छातीतून आवाज काढून. मला तर शंका आहे, ते आण्याला जाऊन तात्यांकडून शिकून आलेत. आणि परवा मी घरात पाऊल टाकलं तर नेहमीचा प्रश्न नाही. समोर कागद. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म, शाळेतल्या मास्तरांकडून भरून आणलेला, नुसती सही राहिलेली. म्हणाले, "पाचवा भाग यायच्या आत पुरं कर. जोडीनं बघायला जाऊ."

मी कागद हातात घेतला. उजेडाकडं धरला. खरा होता हो, शिक्क्यासकट.

केली सही. डाव्या हातानं केली. आता उजव्यानं येतच नाही, काय करणार.