अंगठा काढा, जावईबापू

नाही, मला एक सांगा, सासूला जिवंत ठेवण्यासाठी जिवाचं रान करणारा जावई तुम्ही उभ्या आयुष्यात पाहिलाय का? नसेल पाहिला तर आता बघून घ्या, तो असा दिसतो. डोळ्यांखाली काळं, घशाला कोरड, आणि 'तिला काही झालं तर घरी येऊ नकोस' अशी बायकोची तंबी डोक्यावर. बरं, ही सासू म्हणजे खरी सासू नव्हे. खरी बिचारी गेली. ही दुसरी. दुसरी म्हणजे... थांबा, भलतंच काही समजू नका, सासऱ्यांनी दुसरं लग्न वगैरे केलेलं नाही. ही खेळातली. कागदावरची. आणि तिला मारायची वेळ माझ्यावर आली हो.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल याचंच डोकं तपासायला हवं. माझं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची. 'खालची ओळ वाचा, अंदाजाने नको, दिसतंय तेवढंच बोला.' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझ्याच अंगाशी येणार आहे. तर संध्याकाळी शटर ओढलं की मागच्या खोलीत आमचा पॉडकास्ट. भिंतीला जुनी गादी उभी केलेली, आवाज घुमू नये म्हणून, टेबलावर माइक, आणि भोवती आम्ही तिघं. मी, दाढी आणि डॉक्टरीणबाई. दाढी माझा शाळेपासूनचा मित्र, आधी त्याची दाढी आत येते आणि मग तो येतो. रेकॉर्डिंगचं सगळं तोच बघतो. डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर.

सुरुवातीला कॉमिक्सवर भांडायचं. हवेत उडणाऱ्या माणसाच्या तोंडात चिलटं कशी जात नाहीत, नुसत्या डोळ्यांवर पट्टी बांधली तर याला सख्खी आई कशी ओळखत नाही, अशा गहन विषयांवर आमचं बोलणं बंद व्हायची वेळ येते. आणि मग खेळ. खेळ कसा, तर मी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, त्यांच्या तोंडून बोलायचं, आणि वार लागला की हुकला असं काही ठरवायचं असलं की फासा टाकायचा. वीस बाजूंचा. तो सांगेल तेच घडलं. बायको मला विचारायची, 'हे कोणी ऐकतं तरी का रे?' ऐकतात हो. असे कान लावून ऐकतात की फाशाची खळखळ आली नाही तर मेसेज येतो, 'टाकलात का नुसतंच तोंडाने सांगितलंत?'

आणि ही सवय त्यांना लावली कोणी? मीच. पूर्वी दाढीचा फासा वाईट पडला की दाढी म्हणायची, 'हातातून निसटला रे, हा नाही धरायचा.' दर वेळी निसटायचा. शेवटी मी माइकवर जाहीर केलं, यापुढे फासा उघड्यावर टाकायचा, आणि पडला तो पडला. तेव्हापासून प्रत्येक भागाची सुरुवात याच वाक्याने. त्याचे टी-शर्टसुद्धा छापले आम्ही. बायको त्यातल्या एकाने फ्रिज पुसते.

आता सासरे. बाबा क्रेन चालवायचे. आयुष्य गेलं उंच केबिनमध्ये, एकट्याने, खालची माणसं हातवारे करणार आणि हे वर दांडा ओढणार. बोलायचा संबंधच नाही. घरी आले तरी नाही, कारण घरातलं सगळं बोलणं सासूबाईंच्या ताब्यात. त्या बाईने श्वास कधी घेतला हे एक कोडंच आहे. आणि एवढी बोलणारी बाई गेली ती नाकातोंडात नळ्या असताना, एक शब्द न बोलता. त्यानंतर बाबा आमच्याकडे राहायला आले ते 'हं' एवढं घेऊन. चहा घेणार? हं. जेवलात? हं. बायको रडकुंडीला आली. म्हणाली, 'दुकानात घेऊन जा रे त्यांना, निदान दुसरी भिंत तरी बघतील.'

नेले. गादीला टेकून बसले. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा घसा बसलेला आणि गोष्टीत खानावळवाल्या मावशीचं एकच वाक्य होतं. 'खोली रिकामी नाही, पुढे जा.' एवढंच. मी कागद बाबांच्या हातात दिला, म्हटलं, बाबा, एवढं वाचून टाका. आता बाबांचा चष्मा जुना, त्यांना कागदावरचं काही दिसेना. माइक चालू. दाढी हाताने खुणा करतेय, बोला बोला. आणि खुणा दिसल्या की हुकूम पाळायचा ही त्यांची जन्माची सवय. बाबांनी कागद ठेवला आणि...

'पाय पुसा आधी. आणि असे तोंडं पाडून काय उभे आहात, मी काय चावते? तू रे लंबू, तुला घरी जेवायला घालतात की नाही? बस. हात धुऊन बस. खोली नाही माझ्याकडे, पण पोटं रिकामी घेऊन कुठे जाणार आहात मुडद्यांनो?'

माझ्या अंगावर काटा आला. तुम्हाला सांगतो, ती सासूबाई होती. तोच सूर, तेच 'मुडद्यांनो'. दाढीला काय माहीत, दाढी पोट धरून हसतेय. आणि बाबा? थांबायलाच तयार नाहीत. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून आत साठलेलं सगळं वाहायला लागलं. त्या दिवसापासून मावशी आमच्या टोळीत. हातात झारा घेऊन जंगलात, किल्ल्यात, भुतांच्या विहिरीत, जिथे जाईल तिथे सगळ्यांना फैलावर घेणार. श्रोते वेडे झाले तिच्यावर. आणि बायको... बायकोने या पॉडकास्टचा एक भाग कधी ऐकला नव्हता, ती आता स्वयंपाकघरात हेडफोन कानात घालून उभी, गॅसवर दूध उतू जातंय, ही हसतेय आणि डोळ्यांतून पाणी. म्हणाली, 'आई बोलतेय रे.' आणि मग डोळे पुसून, एकदम वेगळ्या आवाजात, 'तिला काही झालं तर घरी येऊ नकोस.'

झालं. माझा जीव टांगणीला. कारण गोष्ट आलेली राक्षसाच्या गुहेपाशी, आणि नियम कोणाचा? पडला तो पडला.

मी काय काय नाही केलं? म्हटलं, मावशी, तुम्ही बाहेर घोडे सांभाळा. 'मी घोडे सांभाळू? आणि तुम्ही आत जाऊन कपडे फाडून याल ते शिवायचे कोणी?' निघाली आत. मग मी राक्षसाला झोपवला. तिने त्याला उठवला, 'ही काय झोपायची वेळ आहे?' म्हणून. मग मी सांगितलं, राक्षस शाकाहारी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'एवढे सुळे असलेलं जनावर शाकाहारी नसतं.' अहो बाई, माझा संसार चाललाय इथे, तुम्ही सुळे काय मोजताय? पण हे माइकवर बोलता येत नाही ना. श्रोत्यांचे मेसेज यायला लागले, 'राक्षस आजारी आहे का?' दाढी म्हणाली, 'तू मावशीला झुकतं माप देतोयस.' मी म्हटलं, छे, मी का देईन?

आणि त्यातच मला आणखी एक अवदसा आठवली होती. खेळात रमलेत, फासा दिसत नाही बिचाऱ्यांना, शेजारच्याला विचारावं लागतं, म्हणून मी बाबांना नवा चष्मा करून दिला. स्वतः नंबर काढला. हलकी फ्रेम, उत्तम काच. टेबलाच्या या टोकाचं त्या टोकाला लख्ख दिसेल असा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम.

तर तो दिवस. राक्षसाने चिखलाचा पाय मावशीने नुकत्याच पुसलेल्या दगडावर ठेवला. संपलं. मावशीने झारा हाणला त्याच्या नडगीवर. आता राक्षसाने उलट वार करायलाच हवा, इलाज नाही. मी मनात हिशेब केला, एकापासून एकोणिसापर्यंत काहीही पडू दे, मावशी खरचटून सुटतेय. फक्त वीस नको. मी फासा हातात घोळवला, जमतील तेवढे देव आठवले आणि सोडला. खळखळ खळखळ... आणि थांबला.

वीस.

माणसाचा अंगठा किती हुशार असतो बघा. मला कळायच्या आत तो जाऊन शून्यावर बसला होता. मी म्हटलं, 'दोन. दोन पडलाय. हुकला वार, चला पुढे.' दाढीने सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टरीणबाई पाणी प्यायल्या. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाबांनी चष्मा नाकावर वर सरकवला. हळूच. आणि मावशीच्या नाही, स्वतःच्या आवाजात, जो मी कित्येक महिन्यांत धड ऐकला नव्हता, म्हणाले, 'जावईबापू, अंगठा काढा.'

मी म्हटलं, बाबा, दोन आहे. 'अंगठा काढा आणि वाचा. अंदाजाने नको.' अहो, मी बाबांना डोळ्यांत डोळे घालून विनवलं, मान हलवली, जोडता येतील तेवढे हात जोडले, एक अंगठा तर अडकलेला. त्यांनी फाशाकडे बोट दाखवलं. म्हणाले, 'तिला भीक नको. पडला तो पडला.'

काढला अंगठा. काय करणार?

आणि मग बाबा पुन्हा मावशीच्या आवाजात बोलले. म्हणाले, 'बघताय काय असे? जाते मी. दार ओढून घ्या, मांजर शिरेल. आणि तो एक मुखदुर्बळ माणूस आहे ना कोपऱ्यात, त्याला जेवणार का म्हणून विचारत बसू नका, तो हं म्हणेल. ताट वाढून पुढ्यात ठेवायचं. एकट्याला बसू देऊ नका त्याला. मी मेली जन्मभर बोलत बसले. तो काय सांगणार होता ते ऐकायचं राहून गेलं माझं.'

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता. दाढीने खुणेनेच विचारलं, कापू का हे? बाबांनी बोटाने नाही म्हटलं, क्रेन थांबवायची खूण असते तशी. चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, 'चला घरी.'

घरी बायकोला काय सांगू? बाबांनीच सांगितलं. तो भाग तिने कानात घालून ऐकला, ओट्याला धरून खूप रडली, आणि मग ताट वाढून बाबांच्या पुढ्यात ठेवलं, काही न विचारता. मला ताट नाही मिळालं. मी स्वतः वाढून घेतलं. त्याचं काही नाही, पण बाबा परत गप्प. चहा? हं. झोपताय? हं. मी म्हटलं, गेली सासू, गेले सासरे, आणि हे सगळं आपल्या हाताने.

पुढच्या खेपेला मी निघालो तर बाबा दारात बूट घालून उभे. दुकानात येऊन बसले, कोरा कागद ओढला, म्हणाले, 'नवीन माणूस करायचाय.' म्हटलं, करा ना बाबा, कोण? म्हणाले, 'एक चष्मेवाला आहे.' दाढीने माइक चालू केला, बाबांनी घसा साफ केला, आणि दोन्ही हात हवेत उडवत, 'नाही, मला एक सांगा, फासा टाकायलाच हवा का? अंगठ्याने नाही का भागणार?'

दाढी खुर्चीवरून पडायची राहिली. मी असा बोलतो? मला एक सांगा, मी बोलतो का असा? श्रोत्यांना विचाराल तर मावशीपेक्षा चष्मेवाला सरस आहे म्हणतात. तो दरवाज्याला घाबरतो, बायकोला घाबरतो, राक्षस दिसला की त्याचा नंबर तपासायला जातो. बाबा घरीसुद्धा त्याच आवाजात चहा मागतात आणि बायको हसून हसून बेजार होते. बरं झालं, बोलतायत तर खरं. माझ्या तोंडाने का होईना.

आता उद्या चष्मेवाला एकटाच गुहेत निघालाय. मी काल बायकोला सहज विचारलं, अगं, त्याला काही झालं तर? तिने कानातला हेडफोन काढलासुद्धा नाही. म्हणाली, 'होऊ दे की. पडला तो पडला.'