जावईबापूंच्या गाडीची कव्हरं

मी मूळची बारवीकडची, डोंगराखालच्या वाडीतली, तिकडं गाडी म्हंजे फकस्त लग्नाची, तीबी खाली रस्त्यालाच थांबायची, आन् आता काय सांगू तुम्हाला, दिवसभर गाड्यांचीच कापडं शिवते, हितंच कॅम्प नंबर चारला, सिंधी सेठकडं, सीट कव्हरं. तुमी बसा, मी उभीच बरी. लेक दुपारीच निघाली ना सासरी, पुण्याकडं, मला बसवत न्हाई.

आमचे हे बघा, दारात बसलेत ते. वांगणीचं लग्न उरकून येत होते, मागच्या सीटवर, पट्टा न्हाई, मागं कोण लावतंय, बैल आडवा आला म्हणून ड्रायव्हरनं ब्रेक मारला आन् यांचं डोकं पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटलं. रगत न्हाई का काय न्हाई, आमी म्हटलं वाचले. वाचले खरं, पण तवापासनं मला अक्का म्हणतात, त्यांच्या बहिणीला म्हणायचे तसं. चिडते मी, मग रडू येतं.

म्हणून अधिक महिन्यात जावईबापूंना वाण द्यायचं तर म्या सीट कव्हरंच शिवून धाडली, मरून रंगाची, आन् मागचा पट्टा अडकवायचा खटका वर यावा म्हणून तिथं चिरा ठेवल्या. परवा गाडी दारात आली, बघते तर चिरा शिवून टाकलेल्या, खटके आत गडप. जावईबापू म्हणाले, आई, मीच सांगितलं फिटिंगवाल्याला, भोकं वाईट दिसत होती. जावयाला उलटं कसं बोलायचं, पुरणपोळी वाढली. वाटेत कात्रपला तिच्या सासूबाई गाडीत बसणार, त्या पुढं, म्हंजे माझी लेक मागं, आन् रस्ता तोच वांगणीचा. लेकीला म्हटलं तू सांग, तर म्हणते, आई, त्यांना राग येतो.

मग आज जावईबापू जेवायला बसले, म्या तुपाची वाटी ठेवली आन् कात्री घेऊन खाली गाडीपाशी गेले. चिरांवरचे टाके टराटरा फाडले. जावयाचं वाण सासूनंच फाडलं, ऐकलंय का कुठं? जावईबापू खाली आले, बघितलं, तोंड लाल. तेवढ्यात हे वरनं दारातनं म्हणाले, अक्का, पाव्हण्यांना बसायला दे ना.

जावईबापू यांच्याकडं बघत राहिले. मग लेकीला मागं बसवलं, वाकले आन् तिचा पट्टा स्वतः लावला. जाताना नमस्कार मात्र केला न्हाई. रागावू दे.

आता घाटात असतील. पोचल्याचा फोन येईस्तोवर मी अशीच आतबाहेर करणार. सुखाची पोच गं बाय. फोन कर आन् मला आई म्हण, बास.