बोडके मेजू

आई : बॅग खाली ठेव, हेरिम. आधी वर वाशाकडे बघ.

हेरिम : बघितलं, आई. मेजू टांगलेत. मला पाचची बस गाठायचीय.

आई : सोयाबीन शिजवलं, कुटलं, विटा करून पेंढ्याच्या दोरांनी टांगल्या. एव्हाना पांढरी बुरशी धरायला हवी होती. एकाला तरी धरलीय? न्हाव्याकडून आल्यासारखे बोडके लटकलेत.

हेरिम : यंदा थंडी जास्त आहे.

आई : शेजारी ओक्बुनकडे थंडी पडत नाही? तिचे मेजू बोक्यासारखे केसाळ झालेत. मागच्या खेपेला इथे काय शिंपडलंस?

हेरिम : शिंपडलं नाही, पुसलं. भिंती, वासे... आणि दोर. त्या कडू मुळीच्या अर्कानं.

आई : मी डोंगरातून खणून दिली ती?

हेरिम : तीच. भिंतीवर काळी बुरशी चढली होती. तू रात्र रात्र खोकायचीस. डॉक्टर म्हणाले या खोलीत झोपू नका, तर तू हलेनास. आमच्या प्रयोगशाळेत काळी बुरशी त्या अर्कानं मरत होती.

आई : आणि पांढरी?

हेरिम : तिच्यावर तपासलाच नाही.

आई : शाबास. सुक्याबरोबर ओलंही जाळलंस. वर्षाचा सॉस यातून निघायचा. ज्या घरचा सॉस बिघडतो ते घर बसतं, म्हणायची तुझी आजी.

हेरिम : ओक्बुनमावशींकडून पेंढा आणते, पांढरी बुरशी पेंढ्यातूनच येते. नवे दोर बांधून पलीकडच्या खोलीत टांगू. तिथे मी हात लावलेला नाही. धरेल अजून.

आई : धरेल म्हणे.

हेरिम : आई, मघापासून एवढी भांडतेयस. एकदाही खोकली नाहीस.

आई : भांडताना कुठलं सुचतंय.

हेरिम : आणि रात्री?

आई : ...रात्रीही नाही. बरेच दिवस झाले.

हेरिम : मग ठरलं. मेजू तिकडे, तू इकडे. दर हिवाळ्यात.

आई : ठरवून मोकळी झालीस. तुझे बाबा गेल्यापासून हिवाळाभर या खोलीत मी आणि हे मेजू. रात्री जाग आली, त्यांचा वास आला, की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. एकटीला भीती वाटते गं मला.

हेरिम : हे कधी बोलली नाहीस.

आई : फोनवर काय बोलायचं? जा, पलीकडची चूल पेटव. खालून धग जाऊन खोलीची जमीन तापू दे. त्यांना थंडी सोसत नाही.

हेरिम : पेटवते.

आई : पाचची बस गेली असेल तुझी.

हेरिम : गेली.

आई : मग भात दोघींचा लावते.